साधेपणाचं सामान

दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री पावणेदोनला लाइट गेली. फ्रीजवरची बॅटरी घ्यायला म्हणून उठलो आणि हॉलमध्ये तिसऱ्याच पावलाला माझा पाय एका अँब्युलन्सवर पडला. खेळण्यातलीच, पण आवाज असा की खरी अँब्युलन्स बाजूला होऊन वाट देईल. तिला तीन प्रकारचे सायरन आहेत आणि एकदा सुरू झाली की तिन्ही वाजवून दाखवल्याशिवाय ती थांबत नाही. मी ती पोटाशी धरली, उशीखाली दाबली, शेवटी बाथरूममध्ये नेऊन पत्र्याच्या बादलीखाली झाकली. बादलीमुळे आवाजाला घुमारा आला.

शेजारचे काका उलटा बनियन घालून दारात हजर.

"काय झालं सर? आईंना काय झालं का?"

"मला काय धाड भरलीया?" आई माझ्या मागूनच म्हणाली.

"काही नाही काका, पोरांचं खेळणं आहे."

"ते असू दे. कुठल्या दवाखान्यात नेताय?"

काकांचा दोष नाही. आमच्या अकलूजमध्ये दवाखाने इतके की आजूबाजूच्या तालुक्यांतली माणसं आजारी पडायलाच इथं येतात की काय असं वाटावं. सायरन ऐकला की आम्ही आजार विचारत नाही, दवाखाना विचारतो.

सकाळी मी खेळण्यांची मोजदाद करायला बसलो. शिक्षक असल्यामुळे हजेरीसारखी यादी केली. मोटारी ४३, पैकी चारही चाकांवर उभ्या राहणाऱ्या ११. बाहुल्या ९, मुंडक्यासह ६. घरात माणसं पाच आणि पाण्याच्या बाटल्या १४. कंपासपेट्या इतक्या निघाल्या की मी मोजणं सोडून दिलं. यातलं निम्मं आम्ही विकत घेतलेलंच नव्हतं, ते 'रिटर्न गिफ्ट' होतं. आमच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे आईनं ओवाळायचं, शिरा करायचा आणि शाळेत दोन-दोन गोळ्या वाटायच्या. आता पोरगं वाढदिवसाला वस्तू घेऊन जातं आणि वस्तू घेऊन येतं. त्यामुळे गावातल्या कंपासपेट्या पालखीसारख्या घरोघर मुक्काम करत फिरत असतात. थोरल्यानं मार्चमध्ये एकाला दिलेली पेटी सप्टेंबरात तिसऱ्याच पोराच्या वाढदिवसाहून आमच्याकडे परत आली. आत आमच्या हिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: 'खूप शिक, मोठा हो.'

त्याच सुमारास मी वाचनालयातून अनिल अवचटांची पुस्तकं आणली होती. नवरा-बायको दोघं डॉक्टर, पण गरजा ठरवून कमी ठेवलेल्या, मुली पुण्यात महापालिकेच्या शाळेत. अवचट स्वतः कागदाला घड्या घालून प्राणी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे. मला ते इतकं लागलं की रात्रभर झोप आली नाही, आणि या वेळी सायरनही नव्हता. सकाळी घरात सभा घेतली आणि दोन ठराव मांडले. एक, यापुढे घरात प्लॅस्टिकचं खेळणं येणार नाही. दोन, वापरात नसलेली वस्तू घरात राहणार नाही.

"अवचट घरी राहून मुली सांभाळायचे, स्वयंपाक करायचे. ते पान वाचलं का?" ही म्हणाली.

मी म्हणालो, अजून तिथपर्यंत आलो नाही.

मग तिनं माझं कपाट उघडलं. मोबाइलची रिकामी खोकी सात निघाली (विकताना खोकं असलं की किंमत येते, असं मी बारा वर्षं सांगत आलोय, विकलेले फोन शून्य). चार्जर नऊ. व्यायामाची सायकल एक.

"ती वापरात आहे," मी म्हणालो.

"हो, टॉवेल चांगले वाळतात."

थोरला मात्र ठरावाचा बारकाईनं विचार करत होता. "प्लॅस्टिकचं नको ना पप्पा? मग खरा घोडा चालेल?" दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोडेबाजार भरतो. परराज्यांतून घोडे येतात आणि व्यवहार लाखांत होतात. 'नुसता बघायला' म्हणून त्याला नेलं. एका पांढऱ्या शुभ्र घोड्यासमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. घोडेवाल्यानं आधी माझी चप्पल बघितली, मग माझी स्कूटर बघितली आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकांना दिसत नाय." परत येताना थोरल्याचं तोंड फुगलेलं. त्याच्या मते ठराव मीच मोडला होता.

ठराव क्रमांक दोनची अंमलबजावणी मी आई अकलाईच्या देवळात गेलेली असताना केली. तीन पोती भरली. भंगारवाल्यानं ती तोलली आणि सत्तर रुपये माझ्या हातावर ठेवले. घर एकदम मोठं दिसायला लागलं. मी मधोमध खुर्ची टाकून बसलो. हा आनंद वीस मिनिटं टिकला. विसाव्या मिनिटाला दारात भंगारवाल्याचा गाडा, गाड्यावर तीच तीन पोती आणि शेजारी आई. ती कोपऱ्यावर त्याला भेटली होती आणि पोत्यातून वर आलेला मिक्सरचा कान तिनं ओळखला होता. एकशेवीस रुपयांना सगळं परत.

"आगं, तो मिक्सर जळालाय आई."

"जळू दे. टाकायला काय, कवाबी टाकता येतंय. लागंल तवा कुठनं आणशील?"

तसं बघितलं तर घरात खरी साधी राहणी आईचीच. नवीन काही आणत नाही. पण जुनं काही घराबाहेर जाऊ देत नाही. तिच्या गादीखाली त्रिकोणी घड्या घातलेल्या पिशव्या, श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं, सुतळीची बंडलं, लग्नपत्रिकांचे गणपती असं सगळं असतं. त्या गादीवर झोपलं की कूस बदलताना कुरकुर आवाज येतो. तिला त्याशिवाय झोप येत नाही.

त्या दिवशी हिनं एक वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, 'साधेपणा : खर्च'. पहिली नोंद, भंगार परत, रु. ५०. लगोलग माठ, रु. ३५०. मग तांब्याच्या बाटल्या, कारण प्लॅस्टिकच्या चौदा बाटल्या मी आधीच बाद ठरवल्या होत्या. पाच जणांच्या पाच, रु. ३,२५०. प्लॅस्टिकच्या चौदा आईनं धुऊन ठेवल्या.

आता पोरांच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर मी दहा मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेली बालवाडी, पुढं कोसबाडची टेकडी. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, माती. पोरं शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. मला आठ मार्क पडले होते. राहिलेले दोन आता घरच्या घरी मिळवावेत असं मनात आलं. शंख काही नीरेच्या काठी सापडत नाहीत, म्हणून चिंचोके आणले. चांगले दोन किलो, फुकट. धाकटीनं पहिल्या दिवशी त्यांची रांगोळी काढली, दुसऱ्या दिवशी वाण्याचं दुकान मांडलं आणि तिसऱ्या दिवशी एक चिंचोका नाकात घातला.

मी तिला उचलून स्कूटरकडे पळालो. काका फाटकात उभे.

"खेळणं का सर?"

"नाही काका, या वेळी खरंच."

"कुठल्या दवाखान्यात?"

डॉक्टरांनी बारीक चिमट्यानं चिंचोका काढला, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मुलांना जरा बरी खेळणी आणून देत जा." रु. ५००. चिंचोका आईनं ठेवून घेतला.

मग टाकाऊतून खेळणी करून दाखवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या पद्धतीनं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वालट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करून बघितली. ही कल्पना खरोखर और आहे आणि आमच्या घरात ती खरोखर चालली, फक्त मी गूल खरवडताना देवघरातली काडेपेटीही त्यात घेतली. संध्याकाळी दिवा लावताना आईनं सात काड्या ओढल्या, एकही पेटली नाही. आठव्या काडीला तिनं माझं नाव घेतलं. त्यानंतर पाहुण्यांकडून कडब्याची पेंडी आणून धाटांची बैलगाडी केली. लहानपणी मी ती डोळे मिटून करायचो. आता डोळे उघडे ठेवूनही दोन बोटं कापली. बैल पुरा झाल्यावर धाकटी म्हणाली, "कुत्रा छान झालाय पप्पा." शेवटी हार मानून सावंतवाडीची लाकडी खेळणी मागवली. तिथल्या चितारआळीतल्या कारागिरांचा हात असा की लाकडाचं सीताफळ बघून माणसानं बिया थुंकायची तयारी करावी. धाकटीनं सफरचंद सरळ चावलं. सफरचंदाला काही झालं नाही, तिचा हलणारा दात पडला. म्हणजे दातांच्या डॉक्टरचे वाचले, पण ते वहीत जमेला धरायला ही तयार झाली नाही.

खरी फजिती उसाच्या हंगामात झाली. थंडीचे दिवस, साखर कारखान्याचं गाळप सुरू झालेलं, यशवंतनगरच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांची रांग. संध्याकाळी पोरांना फिरायला घेऊन निघालो होतो. मला आमचं लहानपण आठवलं. आम्हाला कुणी खेळणं आणलं नाही आणि आमचं काही अडलं नाही. शाळा सुटली की चालत्या ट्रॉलीमागं पळायचं, लोंबणारा ऊस धरायचा, पाय रोवायचा आणि हिसडा मारायचा. ऊस हातात आला की जग जिंकल्यासारखं वाटायचं. ह्यांना हे कधी कळणार? ह्यांना ऊस रसवंतीत ग्लासमध्येच माहीत.

"पप्पा, तुम्ही खरंच ओढायचात?" थोरला म्हणाला.

त्या 'खरंच'नं माझा घात केला. माझं वय ४१, वजन ८४, पायात ऑफिसची पँट. पण ट्रॉली हळू होती आणि एक ऊस असा बाहेर आला होता की जणू माझीच वाट बघत होता. मी धावलो, धरला, पाय रोवला, हिसडा मारला. ऊस आला नाही. उलट मीच त्याच्याबरोबर जाऊ लागलो. सोडावं तर पोरं बघत होती, आणि न सोडावं तर कारखाना आला असता. वीस-पंचवीस पावलं मी ट्रॉलीमागं अशा तऱ्हेनं पळालो की बघणाऱ्याला वाटावं, मीच ती ढकलतोय. मग पँट शिवणीवर उसवली आणि मी खाली बसलो.

ट्रॅक्टर थांबला. गाणी बंद झाली. ड्रायव्हर कोयता घेऊनच उतरला आणि जवळ आल्यावर त्यानं तो हळूच पाठीमागं लपवला.

"सर? तुम्ही?"

"पोरांना दाखवत होतो," मी म्हणालो.

"काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तो थोडा वेळ जमिनीकडं बघत राहिला. "सर, आठवीत मी ट्रॉलीतला ऊस ओढला म्हणून तुम्ही मला प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. मी हो म्हणालो. त्यानं स्वतःच्या हातानं पाच ऊस काढून पोरांच्या खांद्यावर दिले आणि जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी आवाज द्या सर, मी थांबवतो गाडी." पँट, रु. ९००. पोरांना इतकं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आठ दिवस रोज संध्याकाळी दोघं दारात तयार. "पप्पा, आज परत ओढणार का?"

शाळेत मात्र मी निराळीच बाजू सांगत होतो. साधी राहणी असली की ती कुणाला तरी कळल्याशिवाय चैन पडत नाही. स्टाफरूममध्ये माठाचा विषय मीच काढला. एक सर म्हणाले, आमच्याकडे वर्षभर टीव्ही बंद आहे. दुसरे म्हणाले, आम्ही फ्रीजच विकला. एक बाई म्हणाल्या, आम्ही साबणही लावत नाही, त्यावर कुणी काही बोललं नाही. अकलूजला लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा गाजल्या, आमच्या स्टाफरूममध्ये साधेपणाच्या सुरू झाल्या. दाद मात्र एकाच गोष्टीला मिळायची, किमतीला. "तांब्याची बाटली? केवढ्याला?"

धाकटीचा वाढदिवस आला. मी जाहीर केलं, केक नाही, फुगे नाहीत, रिटर्न गिफ्ट नाही. आळीतली पाच पोरं, शिरा आणि गोष्टी. दुसऱ्या दिवशी काकांनी मला बाजूला घेतलं.

"सर, काही अडचण आहे का? पतसंस्थेत माझी ओळख आहे."

"अडचण नाही काका. साधेपणानं करायचं ठरवलंय."

"ते बरोबर आहे," काका आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पण हे अकलूज आहे. मोहिते-पाटलांच्या घरच्या लग्नातलं लक्षभोजन ऐकत वाढलेली माणसं आपण. इथं पाच पोरांना शिरा दिला तर गावात काय म्हणतील?"

शिऱ्यावर आणि गोष्टींवर वेळ निभावली, पण पोरं रिकाम्या हातानं घरी जाईनात. एक चिमुरडी दारात उभी राहून स्पष्ट म्हणाली, "काकू, माझं राहिलं." तेव्हा आई आत गेली आणि धुऊन ठेवलेल्या बाटल्यांपैकी पाच घेऊन बाहेर आली.

आषाढात तुकोबांची पालखी येते. सराटीच्या मुक्कामानंतर पादुकांना नीरास्नान घालतात आणि पालखी नदी ओलांडून आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाऊल टाकते. त्या दिवशी माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. लाखभर माणसांचा श्वास थांबतो, अश्व सुटतो आणि त्याच्या टापांची माती कपाळाला लावायला माणसं धावतात. थोरल्याला मी खांद्यावर घेतलं होतं. अश्व समोरून गेला तसा तो माझ्या कानात म्हणाला, "ह्याचे किती सांगतात?"

रात्री आमच्याकडे परभणीकडच्या एक आजी मुक्कामाला आल्या. खांद्याला एक पिशवी. आत एक लुगडं, पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद, ताटली, पेला, बुक्क्याची डबी आणि हरिपाठाचं छोटं पुस्तक. पोरं पिशवीत डोकावून थक्क झाली. मी तर वर्षभर याच क्षणाची वाट बघत होतो.

"बघा," मी म्हणालो, "देहूपासून पंढरपूरपर्यंत आजी एवढ्याशा सामानावर चालल्यात. नाहीतर आपण. माणसाला लागतं किती?"

"न्हाई लेकरा," आजी म्हणाल्या, "दिंडीच्या ट्रकमंदी माजं गाठोडं हाय की. गादी बी हाय. उशी राह्यली, ती पोरगा वाखरीला घिऊन येणार हाय."

ही स्वयंपाकघरात का गेली ते मला कळलं. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत नव्हता.

मग आजींनी कमरेच्या पिशवीतून बटणाचा फोन काढला. "एवढं चार्जिंगला लावता का? पोरगा नवाला फोन करतो, न्हाई लागला की जीव खातो." मी उत्साहानं नऊच्या नऊ चार्जर आणले. फोनला बारीक, गोल पिन लागत होती. माझे सगळे चपटे. पहिला लावला, दुसरा लावला. नववा लावेपर्यंत पोरंही गप्प झाली. काकांकडे जाऊन आलो, त्यांच्याकडेही नाही. पावणेनऊ वाजले होते.

आई काही न बोलता उठली. गादीचा कोपरा उचलला, दोन पिशव्या बाजूला सारल्या, सुतळीनं बांधलेलं एक वेटोळं काढलं आणि माझ्या हातात दिलं. बारीक पिनेचा चार्जर. भंगाराच्या दुसऱ्या पोत्यात मी स्वतः टाकलेला.

फोनवर उजेड आला. नऊला घंटी वाजली. आजी मुलाशी बोलल्या आणि आईला म्हणाल्या, "जपून ठिवलंत, बरं केलंत माय."

आई त्यांच्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

पहाटे पालखी निघाली. निघताना आजींनी दोन्ही पोरांच्या हातात दहा-दहा रुपये ठेवले. मी नको नको म्हणेपर्यंत पोरं रस्त्यावरच्या दुकानात पोचलीसुद्धा आणि दोन प्लॅस्टिकच्या पिपाण्या घेऊन वाजवत परत आली. हिनं वही उघडून बेरीज केली. सावंतवाडीचे १,४८० आणि काड्या-वालट्यूबचे २१० धरून साधेपणाचा एकूण खर्च रु. ६,७४०. पिपाण्या मात्र फुकट. तिसरी पिपाणी कुणी घेतली हे वहीत लिहिलेलं नाही. ती स्टाफरूमच्या माझ्या कप्प्यात आहे.

परवा रात्री पुन्हा लाइट गेली. मी अंधारात उठलो आणि बरोबर तिसऱ्या पावलाला अँब्युलन्सवर पाय दिला. आवाज आला नाही. पलीकडून खिडकी उघडली आणि काका म्हणाले, "सर, आज गाडी नाही आली?"

सेल आईच्या गादीखाली आहेत.